चर्चगेटचं गेट कुठे होतं?

आठचौदा · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न वर लिहिलाच आहे, पण तो कसा पडला ते सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीची. सव्वीस वर्षं ८.१४ च्या गाडीने सीएसएमटीला उतरले आणि चालत बलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत गेले. मागच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. इतक्या वर्षांत स्टेशनाची इमारत मी समोरून किती वेळा पाहिली असेल? मोजून आठ-दहा वेळा, तीही पाहुण्यांना घेऊन आले असताना. आम्हा बलार्ड इस्टेटवाल्यांची वाट मागून. गाडीतून उतरायचं, गर्दीबरोबर पी. डिमेलो रोडच्या अंगाला बाहेर पडायचं, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या भिंतीकडेने खाली मान घालून भराभर चालायचं. मस्टरवर सही करायची वेळ ठरलेली. संध्याकाळी तीच वाट उलटी, डब्यात बसायला जागा मिळावी म्हणून सकाळपेक्षाही जास्त घाईत.

लेकीने या वाढदिवसाला फोर्टच्या पदयात्रेचं तिकीट काढून दिलं. आज सकाळी साडेसातला अठराजण स्टेशनासमोर जमलो. वाटाड्या पंचविशीचा मुलगा, आवाज खणखणीत, तयारीही चांगली. त्याने आम्हाला पहिल्यांदा रस्ता ओलांडायला लावला आणि महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे वळून बघा म्हणाला.

मी बघत राहिले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा, तिथे राणीचा पुतळा होता. भिंतीवर दगडात कोरलेले गोल मुखवटे आहेत, ते रेल्वे कंपनीच्या संचालकांचे, आणि त्यांत दोन आपले आहेत : जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट. ज्या इमारतीखालून मी हजारो वेळा गेले तिच्या भिंतीवर नाना शंकरशेट आहेत हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. घसा दाटून आला. शेजारच्या बाई म्हणाल्या, पाणी देऊ का?

मग डी. एन. रोडच्या कमानींखालून फ्लोरा फाउंटन, तिथून हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या. त्या तीस आहेत. मी मोजत चढले, कारण इतकी वर्षं त्या फक्त टीव्हीवरच्या मालिकांत पाहिल्या होत्या. पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि शेवटी काळा घोडा.

आता प्रश्न. फ्लोरा फाउंटनपाशी तो मुलगा म्हणाला, "आत्ता तुम्ही चर्च गेटमध्ये उभे आहात. इथे किल्ल्याचा दरवाजा होता." आणि पुढे निघाला, कारण मागून दुसरा गट येत होता. मी तिथेच अडकले. चर्चगेट म्हणजे माझ्या लेखी वेस्टर्नचं स्टेशन. इथून दहा मिनिटं चालावं लागतं. मग किल्ला कुठून कुठपर्यंत होता? तट गेला कुठे? त्याचा एखादा दगड तरी शिल्लक आहे का, की ज्याला हात लावता येईल?

दुसरं. वीतभर जागेसाठी माणसं जिथे कोर्टात जातात त्या मुंबईत आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी सलग मोकळी जागा कशी राहिली?

आणि तिसरं, हे जरा मनाला लागलेलं आहे. दोन-अडीच तासांत मी नावं ऐकली ती स्टीव्हन्स, स्कॉट, फ्रिअर, कूपर यांची. इमारती सुंदर आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मराठी माणूस या फोर्टात पहिल्यांदा आला तो थेट १९५५ साली, हुतात्मा चौकात गोळ्या खायला, असंच ऐकणाऱ्याला वाटेल. त्याआधी आपण कुठे होतो?

माहीतगारांनी सांगावं. मी परत जाणार आहे, या वेळी एकटी आणि सावकाश.

---

कोटातला · सोमवार, सकाळी ७.०५

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न एकच आहेत. तट कळला की बाकीचे दोन आपोआप सुटतात. थोडं ओळखपाळख : माझं लहानपण बझार गेट स्ट्रीटच्या एका चाळीत गेलं आणि पुढे जुन्या इमारतींच्या दगडकामाचे नकाशे काढण्यात नोकरी झाली. आमची आजी फोर्ट म्हणत नसे. ती म्हणे "कोट". भायखळ्याहून घरी यायचं तर "कोटात जायचंय". तेव्हा वाटायचं, म्हातारीचा शब्द. पण कोट म्हणजे तटबंदी, आणि तीच शहराची खरी गोष्ट आहे.

तट उभा राहिला १७१६ च्या सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना. दरवाजे तीन. दक्षिणेला अपोलो गेट. उत्तरेला बझार गेट, त्याला तीन कमानी म्हणून लोक तीन दरवाजा म्हणत. पश्चिमेला चर्च गेट. त्यातून आत सरळ गेलं की सेंट थॉमस चर्च लागायचं, म्हणून ते नाव. चर्च पुरं झालं १७१८ साली आणि ते अजून हॉर्निमन सर्कलला उभं आहे. देशी लोक चर्च गेटाला पवनचक्की म्हणत, कारण बाहेर एक पवनचक्की होती. दरवाजा गेला, पवनचक्की गेली. पुढे १८७० मध्ये पश्चिमेला रेल्वेचं स्टेशन झालं ते हे नाव घेऊन. म्हणजे स्टेशनाचं नाव दरवाज्यावरून आणि दरवाज्याचं चर्चवरून. ते मूळ चर्च तुमच्या वाटेवर होतं.

आता तटाची रेघ. पायांनीच मापायची असेल तर जीपीओच्या, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या, बाजूने निघा. डी. एन. रोड धरा, हुतात्मा चौक ओलांडा, महात्मा गांधी रोडने काळ्या घोड्याला या. साधारण ही पश्चिमेची भिंत. काळ्या घोड्याच्या आडव्या रस्त्याला आता के. दुबाश मार्ग म्हणतात. त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. तिथून तट गोदीकडे वळायचा, आणि पूर्वेला समुद्र. तुमच्या वाटाड्याने तुम्हाला अर्धा वेळ तटावरूनच चालवलं, फक्त सांगितलं नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो. बूनला एवढी भिंत घालायची निकड का पडली? समुद्रावर कान्होजी आंग्रे होते. याच बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आरमार धाडलं, १७१८ मध्ये खांदेरीवर, आणि दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागलं. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसई पडल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. नुसता तट पुरेना म्हणून भोवती खंदक खणायला घेतला, आणि त्यासाठी कोटातल्या देशी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली.

खंदकाच्या पलीकडे तोफेला समोरचं स्वच्छ दिसलं पाहिजे. शत्रूला आडोसा मिळता कामा नये. म्हणून तटाबाहेरची घरं पाडली, माड तोडले आणि शेकडो यार्डांचा पट्टा उघडा केला. आधी मराठ्यांच्या धास्तीने, नंतर फ्रेंचांच्या. त्या पट्ट्याला साहेब एस्प्लनेड म्हणे, आपण मैदान म्हणालो. ताई, आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे सगळे त्या एकाच पट्ट्याचे रस्त्यांनी केलेले तुकडे. तिथे क्रिकेट खेळणारी पोरं तोफेच्या माऱ्याच्या जागेत खेळतात. तुम्ही विचारलंत आपण कुठे होतो. आपण तटाच्या बाहेर होतो, आणि आपण बाहेर होतो म्हणून तट होता.

एक अजून, हे मला फार आवडतं. तटाच्या आतला मूळ किल्ला, बॉम्बे कॅसल, तो टाउन हॉलच्या, म्हणजे तुमच्या एशियाटिकच्या, मागे नौदलाच्या ताब्यात आहे. आपल्याला आत जाता येत नाही. त्या तळाचं नाव आहे आयएनएस आंग्रे. ज्याच्या भीतीने भिंत घातली त्याचंच नाव आज आतल्या किल्ल्याला. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा नोकरीत नवा होतो. साहेब काय सांगत होते त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

मग तट गेला कुठे? १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आला. पेशवाई जाऊन चव्वेचाळीस वर्षं झालेली, लढायला समोर कोणी नाही. आत माणसांची दाटी, रोगराई, आणि ये-जा करायला तीन दरवाजे. त्याच वेळी अमेरिकेत यादवी सुरू होती, तिथला कापूस विलायतेला जाणं थांबलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. फ्रिअरने तट पाडायला घेतला, मोकळी झालेली जमीन विकली आणि त्या पैशांतून सार्वजनिक इमारती उभारायचं ठरवलं. तुम्ही काल पाहिलेलं जवळजवळ सगळं त्यानंतरचं आहे. फ्लोराचं कारंजं १८६४ च्या सुमाराचं. ते भायखळ्याच्या बागेसाठी करवलेलं होतं, आणून बसवलं दरवाज्याच्या जागी. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ ला पुरे झाले. तुमच्या स्टेशनाचं बांधकाम त्याच साली सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरच्या साध्या स्टेशनातून, या राजवाड्यातून नाही.

विद्यापीठ आणि हायकोर्ट पाहताना पाठ पूर्वेकडे करा आणि पश्चिमेला बघा. समोर ओव्हल, त्यापलीकडे गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या असलेल्या १९३० च्या दशकातल्या इमारती. त्या उभ्या आहेत ती भर घातलेली जमीन. या दगडी इमारती झाल्या तेव्हा त्यांच्यासमोर मैदान आणि लगेच समुद्र होता. भरतीचा वारा थेट वर्गात यायचा. २०१८ मध्ये युनेस्कोने हे दोन्ही काठ मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवले. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला एकोणिसावं शतक आणि एका बाजूला विसावं, मध्ये पोरांचं क्रिकेट.

हात लावायला दगड हवा म्हणालात. आहे. पण तो कुठे आहे हे वाचलंत तर तुम्हाला थोडं वाईट वाटेल. उत्तरेकडे १७६९ मध्ये कोटाला जोडून फोर्ट जॉर्ज बांधला होता. त्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे. तो सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात, पी. डिमेलो रोडच्या बाजूला. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरीच तिथे आहे. तुमची सव्वीस वर्षांची वाट.

---

गिरगावकरीण · सोमवार, दुपारी १.३०

कोटातला काका, शेवटचं वाचून अंगावर काटा आला. आठचौदा ताई, तुम्हाला काय झालं असेल!

काकांनी मैदानाचं सांगितलं, त्यात एका विहिरीची भर घालते. क्रॉस मैदानाच्या कडेला, हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे जाताना, पारशी लोकांची भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ ची. आत फक्त पारशी जाऊ शकतात, आपण बाहेरून विहिरीवरची घुमटी, म्हणजे छत्री, पाहायची. माझी शेजारीण पारशी, तिच्याकडून ऐकलेली कथा अशी : भिखाजी बेहराम भरूचहून मुंबईला येत असताना वाटेत मराठ्यांनी त्यांना मुघलांचा माणूस समजून पकडलं आणि कोठडीत घातलं. त्यांनी अंगातला सदरा आणि कमरेची कुस्ती, म्हणजे पारशांचा पवित्र अंगरखा आणि धागा, दाखवली, आपण पारशी आहोत हे पटवलं, तेव्हा सुटका झाली. मुंबईत पोचल्यावर त्यांनी वाटसरूंसाठी ही विहीर खणली. समुद्राच्या इतक्या जवळ आणि पाणी गोडं. शेजारीण ही गोष्ट सांगताना "तुमच्या लोकांनी पकडलं होतं हां" असं दर वेळी म्हणते आणि मला चहा देते.

हुतात्मा चौकाबद्दल तुम्ही "गोळ्या खायला" असं लिहिलंत, ते वाचून थांबले. माझा मामा २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चात होता. गिरणीत होता, वय एकोणीस. तो वाचला, त्याच्याबरोबर गेलेला खोलीतला सोबती वाचला नाही. मामा म्हणायचा, आम्ही फ्लोरा फाउंटनला काही बघायला गेलो नव्हतो, कौन्सिल हॉलकडे निघालो होतो, आम्हाला तिथे अडवलं. १९६१ मध्ये स्मारक झालं, मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी. मामा दर १ मे ला तिथे जायचा आणि कारंज्याकडे पाठ करून उभा राहायचा. एकदा मी विचारलं, असं का? म्हणाला, "मला त्या दोघांची तोंडं बघायची असतात." आता काकांचं वाचल्यावर कळतंय की त्याला अडवलं ते बरोबर जुन्या दरवाज्याच्या जागी.

आईची एक आठवण. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आई तेव्हा कॉलेजात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कोणी हात हलवत होतं, कोणी नुसतंच बघत होतं. २०१८ मध्ये कारंज्याच्या दुरुस्तीसाठी रस्ता उकरला तर डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. आईला पेपरातला फोटो दाखवला. तिने तो कापून पोथीत ठेवलाय.

---

काळा_डगला · सोमवार, रात्री १०.१५

कोटातला यांचं विवेचन उत्तम, पण एका वाक्याशी मी सहमत नाही. "आपण तटाच्या बाहेर होतो" हे अर्धंच खरं. खंदकाला वर्गणी देणाऱ्या देशी व्यापाऱ्यांची दुकानं आणि कुटुंबं तटाच्या आत होती. पाठारे प्रभूंसारखे मराठी बोलणारे लोकही कोटात राहत. वसई पडल्यावर त्यांना पुण्याच्या फौजेचा आनंद झाला असेल असं मानायला मी तयार नाही. मुंबईचा मराठी माणूस त्या दिवशी आपल्याच भाषेच्या सैन्याला घाबरून दार लावून बसला असेल. ते अवघड आहे, पण तेही आपलंच आहे, ते सोडून देऊ नये.

आता माझ्या रोजच्या जागेबद्दल. हायकोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर मध्यवर्ती कोर्टखोलीच्या बाहेर एक संगमरवरी शिळा आहे. २२ जुलै १९०८ रोजी याच खोलीत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर ते म्हणाले होते की तरीही मी निर्दोष आहे, या न्यायासनाहून मोठ्या शक्ती जगाचं नियंत्रण करतात. तेच शब्द त्या शिळेवर कोरलेत. स्वातंत्र्यानंतर, १९५६ मध्ये, हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्या शिळेचं अनावरण केलं. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच आपल्या भिंतीवर आरोपीचे शब्द लावले. मी तिथून जाताना गाऊन सावरतो. पंधरा वर्षं झाली, सवय मोडलेली नाही आणि मोडायची नाही.

पदयात्रा रविवारी असतात आणि कोर्ट रविवारी बंद, म्हणून बहुतेकांना ही शिळा दिसतच नाही. आठचौदा, तुम्ही निवृत्त आहात. कामाच्या दिवशी या.

---

नवशिका_वाटाड्या · मंगळवार, सकाळी ६.५०

मी तुमचा रविवारचा वाटाड्या नाही, पण तेच काम करतो, गेली दोन वर्षं. ताईंचा तिसरा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मीही स्टीव्हन्स आणि स्कॉट सांगून पुढे जातो. लोकांना सेल्फी काढायची असते, उन्हं वाढत असतात. सबब खरी आहे पण पुरेशी नाही.

म्हणून ज्यांची नावं मला ठाऊक असून मी सांगत नव्हतो ती इथे लिहितो. सीएसएमटीच्या बांधकामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव हे साहाय्यक अभियंता होते. पानंफुलं, माकडं, मोर, घुबडं हे जे कोरीव काम आहे ते सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं, म्हणजे इथल्याच मुलांनी.

राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते कधीच मुंबईला आले नाहीत, विलायतेतून नकाशे धाडले. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, दोन लाख रुपये, आईच्या नावासाठी. १८६५ ला कापसाचा भाव कोसळला आणि त्यांचं दिवाळं निघालं, तरी टॉवर पुरा झाला. हे सगळे सांगतात. पण मान वर करून टॉवरच्या उंच भागात बघा, दगडी माणसं उभी आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे नमुने, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, नेसण्याची तऱ्हा वेगळी. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी, पोरबंदरी दगडात. खालून उघड्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. मी आता दुर्बीण घेऊन जाणार आहे.

काळा डगला सर, तुमचा मुद्दाही मान्य. १८६३ मध्ये, म्हणजे तट पाडायला सुरुवात झाली त्याच सुमाराला, गोविंद नारायण माडगांवकरांनी "मुंबईचे वर्णन" हे पुस्तक लिहून छापलं. शहर बदलत असताना एक मराठी माणूस इथे बसून ते टिपत होता. आपण आत होतो, बाहेर होतो आणि लिहीतही होतो.

ताई, एक सुचवू? हॉर्निमन सर्कलवरून बझार गेटकडे जाताना मिंट रोडच्या नाक्यावर रतनसी मुळजी यांची पाणपोई आहे, १८९४ ची. गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बापाने बांधली. वर त्या मुलाचा पुतळा आहे. एकही पदयात्रा तिथे थांबत नाही. माझी थांबेल.

---

आठचौदा · गुरुवार, रात्री ८.२०

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल जाऊन आले.

मुद्दाम ८.१४ नेच गेले. डब्यात जुन्या तिघी भेटल्या, सरकून जागा दिली, म्हणाल्या परत जॉइन झालीस की काय. सीएसएमटीला उतरल्यावर पाय आपसूक मागच्या बाजूला वळले. या वेळी घड्याळाकडे बघायचं नव्हतं.

हॉस्पिटलच्या आवारात एका रखवालदाराला विचारलं, किल्ल्याची भिंत कुठे? तो म्हणाला, कसली भिंत, ऑफिस आहे पुरातत्त्वचं, त्या बाजूला. गेले. काळा दगड, जाड, चुन्याने भरलेले सांधे, मधल्या फटीतून पिंपळाचं रोप आलेलं. हात लावला. सावलीतला दगड, थंडगार होता. किती वेळ उभी होते ते आठवत नाही. मला तिथे आंग्रे आठवले नाहीत, चिमाजी अप्पाही नाहीत. पावसाळ्यातली एक सकाळ आठवली. मुलगी दीड वर्षांची होती, तिला ताप होता, सासूबाईंकडे ठेवून आले होते आणि याच रस्त्याने छत्री सावरत, रडत चालले होते. ही भिंत तेव्हा वीस-पंचवीस पावलांवर होती.

मग काकांनी सांगितलेली रेघ धरली. जीपीओ, डी. एन. रोड, हुतात्मा चौक. चौकात कारंज्याकडे पाठ करून उभी राहिले, गिरगावकरीण, तुमच्या मामांसारखी. दोघांची तोंडं पाहिली. कामगाराची मान जरा वर आहे असं मला वाटलं. मी लिहिलेल्या "गोळ्या खायला" या शब्दांबद्दल क्षमा करा. ते शब्द मी आता वापरणार नाही.

विहिरीची छत्री बाहेरून पाहिली. हायकोर्टात बॅग तपासून आत सोडलं. शिळा वाचली. तिथे एक तरुण वकील घाईत चालला होता, शिळेपाशी आल्यावर त्याने गाऊन सावरला. काळा डगला तुम्हीच का, विचारायचं धाडस झालं नाही.

राजाबाई टॉवरची माणसं काही दिसली नाहीत, मान मात्र दुखली. दुर्बीण लागेल.

ओव्हलच्या कट्ट्यावर बसून डबा खाल्ला, पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या. सव्वीस वर्षं डबा कचेरीतच खाल्ला होता, दार बंद करून, एसीत. समोर दहा-बारा पोरं खेळत होती. एकाने षटकार मारला तो माझ्या पायाशी आला. मी चेंडू परत फेकला, तो अर्ध्यावरच पडला. पोरगा धावत येऊन म्हणाला, "थँक यू, काकू." मी त्याला तोफेच्या माऱ्याचं सांगितलं. म्हणाला, "खरंच? इथेच?" आणि चेंडू घेऊन पळाला. मागे वळून दोनदा मैदानाकडे पाहिलंन् मात्र.

पाणपोई आणि बझार गेट स्ट्रीट राहिलं. उन्हं फार झाली होती. काका, तुमची चाळ अजून उभी आहे का? पुढच्या रविवारी सकाळी सव्वासातला मी जीपीओच्या पायऱ्यांपाशी असेन, लेकीला घेऊन. वाटाड्या, दुर्बीण विसरू नका. आणखी कोण येतंय?

---

कोटातला · गुरुवार, रात्री ९.०२

चाळ उभी आहे. मी येतो. जिना लाकडी आहे, चपला धरून चढा.